मंडळीचा संसार

“तुमचं बरं असतं बाई! तुमच्या चर्चला बाहेरून पैसा येतो. आम्हाला गल्लीतल्या गणपतीची वर्गणी मागत दारोदार हिंडावं लागतं.”

शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आमच्या एक सहकारी बाई मला असं म्हणाल्या. मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या. बोलता बोलता स्वतःच्या डब्यातल्या दोन अळूवड्या माझ्या डब्यात ठेवत होत्या. मी नुसती हसले. पण त्याच वेळी माझ्या पर्समध्ये चर्चचं विजेचं बिल घडी करून ठेवलेलं होतं, अकराशे चाळीस रुपयांचं, आणि ते भरायला या महिन्यात कुठल्या खात्यातून पैसे काढावेत याचा मी सकाळपासून विचार करत होते. तेव्हाच मनाशी ठरवलं, की मैत्रिणींनो, एकदा तुम्हाला आमच्या चर्चचा संसार आतून दाखवायचा. नाताळचा केक आणि चांदणी तुम्ही पाहिलीच असेल. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचं काय?

मी बी. ए. झालेली, सकाळी चार तास शाळेत शिकवणारी, दोन मुलांची आई, आणि गेली तीन वर्षं आमच्या मंडळीची खजिनदार. ‘मंडळी’ हा आमचा जुना शब्द बरं का. चर्च म्हणजे इमारत, आणि मंडळी म्हणजे तिच्यात जमणारी माणसं. इतरांच्या घरी मंडळी म्हणजे बायको, त्यामुळे आमच्याकडे विनोदाला तोटा नाही. “आमच्या मंडळी मंडळीचे हिशेब लिहायला बसल्यात, आज पिठलं-भातावर भागवा,” असं हे पोरांना सांगतात. पिठलं मात्र मीच करायचं!

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. २०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडातून अजून नगरच येतं. मंडळीत अडतीस कुटुंबं, त्यातली दहा-बारा नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला. राहिलेल्यांत शिक्षक, नर्सबाई, एस. टी. तले कंडक्टर, गवंडी, पेन्शनर आणि शेतावर रोजानं जाणाऱ्या बायका. लाखाचा धनी एकही नाही.

आमची मंडळी काँग्रिगेशनल पद्धतीची. नाव जड आहे, अर्थ अगदी सोपा. जमलेल्या माणसांनी आपला कारभार आपणच पाहायचा. वर बिशप नाही, हुकूम सोडणारं मुख्य कार्यालय नाही. पाळक कोणाला नेमायचं, त्यांना पगार किती द्यायचा, भिंतीला रंग कुठला, सगळं सभासदांच्या सभेत हात वर करून ठरतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ही कल्पना निघाली, तेव्हा राजसत्तेच्या चर्चपासून वेगळं होणं हा गुन्हाच होता. लोक तुरुंगात गेले. त्यांच्यातलेच काही १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला पोहोचले. पुढे तिकडच्या अशाच मंडळ्यांच्या पुढाकारानं १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, आणि १८३१ साली नगरला ठाणं झालं. तेच अमेरिकन मराठी मिशन. नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिकवण्याचे धडे घेऊन गेल्या. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या आपल्या लक्ष्मीबाई याच मिशनच्या परिवारातल्या. टिळकांची पदं आम्ही आजही दर रविवारी म्हणतो, आणि ती म्हणताना पेटीबरोबर तबला आणि झांज लागतेच.

आता त्या ‘बाहेरच्या पैशा’बद्दल. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचं सगळं आयुष्य एकच गोष्ट सांगण्यात गेलं, की तिथल्या मंडळीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, स्वतःचा कारभार स्वतः करावा. १८५४ साली नगरात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. दोघेही आपलेच, मराठी. म्हणजे आमच्या बाईंनी डबा खाताना काढलेला प्रश्न आमच्याकडे एकशे सत्तर वर्षांपूर्वीच निघालेला होता. पुढे १९२४ साली आमच्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांबरोबर एक झाल्या, आणि १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बऱ्याच मंडळ्या त्यात गेल्या, काहींनी जुनीच पद्धत धरून ठेवली. आमची त्या दुसऱ्या प्रकारातली. हे बरं की वाईट यावर आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत सुद्धा वाद होतात, तो विषय इथं नको.

आठवडा सुरू होतो रविवारपासून. साडेआठला मुलांची शब्बाथशाळा, साडेनऊला उपासना. साठ-सत्तर माणसं, त्यात पंधराएक पोरं. गाणी, शास्त्रपाठ, प्रार्थना, जाहीर सूचना, दान, उपदेश, शेवटी आशीर्वाद. सूचना सगळे अगदी कान देऊन ऐकतात, कारण कोणाचं बारसं, कोण दवाखान्यात, कोणाची मुलगी दाखवायची आहे हे त्यातूनच कळतं. उपदेश लांबला की बायका हळूच घड्याळ बघतात. घरी कुकर लावायचा असतो ना!

उपासना झाली की बाजूच्या खोलीत दानाच्या थैल्या रिकाम्या करतात. मी आणि आणखी दोघं. एकट्यानं मोजायचं नाही, तिघांच्या सह्या झाल्याशिवाय वही मिटायची नाही, हा नियम. रविवारचं दान होतं साधारण चोवीसशे रुपये. त्यात फाटक्या नोटा किती असतात म्हणून सांगू! रिक्षावाला घेत नाही, भाजीवाली घेत नाही, ती नोट देवाला चालते. सोमवारी शाळा सुटली की बँकेत भरणा. शिवाय सव्वीस कुटुंबं मासिक वर्गणी देतात, कोणी दोनशे, कोणी हजार. एक नर्सबाई काटेकोर दशांश देतात, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा. सगळं मिळून महिन्याला बावीस-तेवीस हजार जमतात. त्यातून पाळकसाहेबांचे पंधरा हजार, झाडलोट आणि राखणीचे अडीच हजार, वीज, विधवा आणि आजाऱ्यांना मदत. वर्षाअखेर हिशेब तपासनिसाकडून तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाठवावे लागतात, कारण आमची मंडळी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली आहे. पहिल्या वर्षी मी ते कागद सासूबाईंच्या शालूच्या पेटीत ठेवले होते, हरवू नयेत म्हणून!

बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थना. पूर्वी यजमानीणबाई भजी, शिरा, चहा, सगळं करायच्या आणि चढाओढ लागायची. ज्यांना परवडत नव्हतं त्या पाळीच नाकारू लागल्या. मग महिला मंडळानं ठरावच केला: फक्त चहा आणि एक काहीतरी. ठराव मोडला तर एकावन्न रुपये दंड. गेल्या वर्षात दोघींनी दंड भरला, एक मी.

गुरुवारी दुपारी आम्हा बायकांची सभा, शनिवारी झाडलोट आणि गाण्याची तालीम. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचे लहान चौकोनी तुकडे आणि द्राक्षाचा रस, तोही औषधाच्या पेल्याहून लहान अशा काचेच्या पेल्यांतून, जागेवर बसलेल्या प्रत्येकाला. रस आम्ही घरीच करतो. पाव किलो काळ्या मनुका धुऊन रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळायच्या, कोमट झाल्यावर कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. चोथा घट्ट पिळू नका, रस गढूळ होतो. सत्तर पेल्यांना पुरतो. पावाच्या कापलेल्या कडा आमच्या पाळकबाई उन्हात वाळवून कुटून ठेवतात, कटलेट घोळवायला कामी येतात. ते सत्तर पेले धुणं ही मात्र एक शिक्षाच! बोट आत जात नाही. शेवटी शाळेतून बाटल्या धुण्याचा बारीक ब्रश आणला तेव्हा सुटका झाली.

पाळकबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगते. पाळक निवडायचे म्हणजे दोन-तीन उमेदवारांना एकेका रविवारी उपदेशाला बोलवायचं, जेवायला कोणाच्या तरी घरी, आणि मग सभेत मतदान. पुरुष उपदेश ऐकून मत देतात. आम्ही जेवताना पाहतो. ताट उचलून मोरीत नेऊन ठेवणारा उमेदवार आम्हा बायकांच्या मतांवर निवडून आला, हे त्यांना अजून माहीत नाही! पण त्यांच्या पत्नी बी. एड. झालेल्या. त्यांनी गावच्या शाळेत नोकरी धरली तेव्हा काहींची तोंडं वाकडी झाली. “मग महिला मंडळ कोण बघणार? आजाऱ्यांना भेटायला कोण जाणार?” पगार एकाला आणि काम दोघांकडून, ही आमच्याकडची फार जुनी सवय. मी सभेत एवढंच विचारलं, की पाळकबाईंच्या नावावर पगाराचा कोणता आकडा लिहू? मग कोणी बोललं नाही.

तशी आम्ही बायका या पद्धतीत पहिल्यापासून पुढे असायला हव्या होतो. १८५३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर या खेड्यात अशाच एका लहानशा काँग्रिगेशनल मंडळीनं अँटोनेट ब्राऊन नावाच्या बाईंना पाळक म्हणून दीक्षा दिली होती. वरून कोणाची परवानगी आणायची नव्हती ना! आमच्या गावात मात्र साधी खजिनदार बाई व्हायला त्यानंतर आणखी एकशे सत्तर वर्षं लागली.

आता मुठीच्या डब्याबद्दल. प्रत्येक घरात एक डबा असतो. भाकरीला पीठ घेताना किंवा तांदूळ निवडताना त्यातली एक मूठ त्या डब्यात टाकायची. पहिल्या रविवारी डबे चर्चमध्ये येतात, धान्य मापून विकलं जातं. तो पैसा महिला मंडळाचा, त्याला पुरुषांच्या कमिटीनं हात लावायचा नाही. दिसायला मूठभर, पण यातूनच दोन मुलींच्या नर्सिंगच्या फिया गेल्या आहेत.

आणि वर्षातून एकदा हंगामाची उपकारस्तुती! तो दिवस तुम्ही एकदा येऊन पाहाच. सुगी झाली की ज्याच्या घरी जे पिकतं ते घेऊन लोक येतात. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, कांद्याची पोती, पाय बांधलेली कोंबडी (ती नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडते), शहरातल्यांचे केक आणि क्रोशाचे रुमाल. उपासनेनंतर अंगणात लिलाव. एका लिंबाला पाचशे रुपये येतात, आणि घेणारा ते लिंबू पुन्हा टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत आमच्याकडे, लिहिता-वाचता न येणाऱ्या. मागे त्यांनी एकच अंडं आणलं होतं. ते अंडं सात वेळा विकलं गेलं, एकूण अकराशे रुपयांना, आणि आठव्यांदा बोली लावताना आमच्या धाकट्याच्या हातून पडलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मावशी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं, त्यानं त्याचं काम केलं.”

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? छपरामुळे.

आमचं चर्च कौलारू, मंगलोरी कौलांचं. रीपा कुजल्या आहेत, कौलं सरकली आहेत. पावसाळ्यात गाणाऱ्यांचा बाक सरकवून खाली बादली ठेवतो. २०२४ च्या मार्चमध्ये गवंड्याला दाखवलं तर दुरुस्तीचा अंदाज निघाला एक लाख पंच्याऐंशी हजार. आमच्या छपराच्या खात्यात होते एकतीस हजार. अशा वेळी मुंबईहून एका गृहस्थांचं पत्र आलं. मूळचे आमच्याच गावचे, बांधकामाच्या धंद्यात चांगलं नाव काढलेले. सगळं छप्पर उतरवून पक्का स्लॅब घालून देतो म्हणाले. खर्च नऊ लाखांच्या घरात, सगळा त्यांचा. अटी दोन. दर्शनी भिंतीवर त्यांच्या वडिलांच्या नावाची फरशी, आणि कारभारी कमिटीवर त्यांनी सुचवलेले दोन सभासद, कायमचे. “पैसा नीट वापरला जातो की नाही, एवढंच पाहायला,” असं पत्रात होतं.

मला विचाराल तर मला रात्री झोप आली ती त्या पत्रामुळे. फरशीचं काय एवढं? लावू देत. दोन माणसं कमिटीवर येतील, येऊ देत. महिन्याच्या पंचवीस तारखेला पाकीट उघडून बघताना काय वाटतं ते ज्या बाईनं घर चालवलं आहे तिलाच कळेल. मी सभेत पत्र वाचून दाखवलं आणि हिशेबही मांडला: दुरुस्ती आपणच करायची म्हटली तर कमीत कमी दोन वर्षं, आणि तोवर पगार वेळेवर निघेलच असं नाही.

तेहतीस सभासद हजर होते. चर्चा अडीच तास चालली. एक पेन्शनर गुरुजी घटनेची कलमं वाचत बसले. तरुण पोरं स्लॅबच्या बाजूची, वर लग्नासाठी हॉल काढता येईल म्हणून. पाळकसाहेब गप्पच. त्यांचा पगार त्यात गुंतलेला, बोलणं बरं दिसलं नसतं. शेवटी भाजीवाल्या मावशी उठल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत.

“छप्पर त्येचं झालं, मग आपुन कोन? पाव्हनं?” एवढंच म्हणाल्या आणि पदर सारखा करून खाली बसल्या.

चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. घ्यावं म्हणणारे चौदा, नको म्हणणारे एकोणीस. चौदांतली एक चिठ्ठी माझी होती. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “माझी एकोणिसातली.” त्या रात्री आमच्याकडे फारसं बोलणं झालं नाही.

गृहस्थांना नम्रपणे पत्र लिहायचं काम खजिनदार म्हणून माझ्याकडे! त्यांचं उत्तर आलं नाही. त्यांच्या नात्यातलं एक कुटुंब तेव्हापासून उपासनेला येत नाही. कारल्याचं लोणचं फार छान करायच्या त्या काकू. बाजारात भेटल्या की विचारपूस करतात, पण रविवारचं नाव काढत नाहीत.

आम्ही मग आमच्या पद्धतीनं कामाला लागलो. मंडळीतल्या गवंड्यांनी आणि सुतारानं मजुरी घेतली नाही, सुट्टीच्या दिवशी येऊन काम केलं. धडकी कौलं निवडून, घासून पुन्हा वापरली. घासायला आम्ही बायका आणि शब्बाथशाळेची पोरं. पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना मी एकेकाला फोन केला. काहींनी लगेच पाठवले, काहींनी “बघतो” म्हटलं आणि अजून बघताहेत. जूनच्या पावसाआधी दक्षिणेकडची बाजू पुरी झाली. उत्तरेकडची राहिली ती राहिलीच, कारण जुलै-ऑगस्टमध्ये वर्गण्या आटल्या. शाळेच्या वह्या-पुस्तकांचे खर्च, शेतात मजुरी नाही. दोन महिने पाळकसाहेबांचा पगार अर्धाच निघाला. राहिलेले पैसे नाताळला चुकते केले, पण त्या दोन महिन्यांत पाळकबाई समोरून आल्या की माझी नजर खाली जायची. त्यांच्या नोकरीबद्दल ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांच्या मंडळीच्या पाळकाची चूल त्या नोकरीवरच पेटत होती.

मी दिलेलं मत चुकलं होतं का? मला अजून तसं वाटत नाही. मावशी बोलल्या तेव्हा अंगावर काटा आला हे खरं. तरी काट्यानं पगार निघत नाही. पण एक झालं. पूर्वी महिन्याचा हिशेब मी कागदावर लिहून दाराशी लावत असे, आणि कोणी वाचत नसे. मतदानानंतरच्या पहिल्याच रविवारी मावशी म्हणाल्या, “आम्हाला काय वाचता येतं व्हय? म्हनून दाखीव.” तेव्हापासून सूचनांच्या वेळी मी हिशेब मोठ्यानं वाचते. आणि प्रश्न येतात! वीजबिल का वाढलं? पंखे कोण चालू ठेवून जातं? मनुका कुठल्या दुकानातून आणल्या, पलीकडच्या दुकानात किलोमागं तीस रुपयांनी स्वस्त आहेत. शाळेत पोरांनी मला एवढे प्रश्न विचारले तर मी किती खूश होईन!

परवाच्या पहिल्या रविवारी पाऊस होता. उत्तरेच्या कोपऱ्यात आता बादलीऐवजी माझ्या सासूबाईंचं जुनं पितळी घंगाळ ठेवलं आहे, कारण प्लॅस्टिकच्या बादलीत थेंबांचा आवाज फार होतो. पितळेत त्याहून जास्त होतो हे रविवारी कळलं. मग पाळकबाईंनी आत टॉवेल घडी करून घातला. हिशेब वाचून झाल्यावर मावशींनी विचारलं, “छपराच्या खात्यात किती झालं?”

“बेचाळीस हजार तीनशे, मावशी.”

“आन् लागायचं किती?”

“सत्तर.”

मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली, आणि पिठाचा डबा उचलून टेबलाकडे निघाल्या.